समान रथांची शर्यत

जय म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटतो. पुढें गेला तो जिंकला, मागें राहिला तो हरला. यांत विचार करण्यासारखें काय आहे, असें कोणीहि म्हणेल. परंतु मनुष्यव्यवहारांत ज्या गोष्टी अत्यंत उघड वाटतात, त्यांच्याच पोटीं पुष्कळदां अवघड प्रश्न दडलेले असतात. दोन घोडेस्वार धांवले व त्यांतला एक पुढें निघाला, तर आपण टाळ्या वाजवितों त्या कोणासाठीं? स्वारासाठीं, घोड्यासाठीं, कीं ज्याच्या थैलींतून त्या घोड्याचे पैसे आले त्या धन्यासाठीं? घोडा जाऊन त्याच्या जागीं यंत्र आलें, तेव्हांपासून तर हा प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. घोड्याला निदान रग असते, लहर असते, स्वाराशीं जडलेला स्नेह असतो; यंत्राला यांपैकीं कांहींच नसतें. ज्याच्यापाशीं पैसा अधिक त्याच्यापाशीं वेग अधिक, असा हिशेब यंत्रयुगानें मांडून ठेविला आहे.

आमचें दुधनी हें अक्कलकोट तालुक्यांतील, कर्नाटकाच्या सरहद्दीलगतचें लहानसें गांव. सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तें वसलें आहे. बाजारांत मराठी आणि कानडी सारख्याच सहजतेनें कानीं पडतात, आणि तूर, मूग, उडीद यांच्या हंगामांत आडतींपुढें पोत्यांच्या थप्प्या लागतात. अशा गांवीं बसून मोटारींच्या शर्यतीची तत्त्वचर्चा करावी, हें वाचकांस कदाचित् विचित्र वाटेल. परंतु बाजारपेठेच्या गांवाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: काटा खरा असल्यावांचून भाव खरा ठरत नाहीं. माल उत्तम असला, घेणारा प्रामाणिक असला, तरी पारडें मुळांतच एका बाजूला झुकलें असेल, तर साऱ्या व्यवहाराला अर्थ उरत नाहीं. शर्यत हाहि एक काटाच आहे. त्यावर काय तोललें जातें आणि तो काटा खरा आहे कीं नाहीं, एवढेंच पाहण्याचा आमचा हेतु आहे.

दृष्टान्तासाठीं आम्ही एक अगदीं परिचयाची गाडी घेतों. पन्नाशी उलटलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या आठवणींत एक फियाट असते. लग्नाच्या वरातींत फुलांनीं मढलेली, मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या रंगांत धांवणारी, उन्हाळ्यांत घाटाच्या मध्यावर वाफा टाकीत उभी राहिलेली अशी ती गाडी. तिचा आमच्या जिल्ह्याशीं एक दूरचा ऋणानुबंधहि आहे. ती जेथें तयार होई तो कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना ज्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं उभारण्यास घेतला, त्यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरासच झाला होता. प्रथम अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या तेथें जोडल्या जात. पुढें फियाटशीं करार झाला, १९६४ पासून '११०० डिलाइट' निघूं लागली, आणि तीच कालांतरानें 'प्रीमियर पद्मिनी' या नांवानें घरोघर पोंचली. हिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें. हा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण त्याच्या मागें जो इतिहास आहे तो वरातीचा नसून शर्यतीचा आहे.

१९३७ सालीं इटलींत फियाट कंपनीनें '५०८ सी' या नांवाची एक मध्यम मोलाची गाडी बाजारांत आणली. तिची रचना दान्ते जिआकोजा या तरुण इंजिनिअराची. इंजिन याच १०८९ घनसेंटिमीटरचें, शक्ति अवघी ३२ अश्वांची. डॉक्टर, वकील, लहान व्यापारी यांनीं वापरावी अशीच ती गाडी होती. परंतु पुढल्याच वर्षीं, म्हणजे १९३८ सालीं, तिच्यावर वाऱ्याला कापीत जाणारा घडीव पत्र्याचा सांटा चढवून ती 'मिल्ले मिल्या' या विख्यात शर्यतींत उतरविण्यांत आली आणि आपल्या वर्गांत ती पहिली आली. मिल्ले मिल्या म्हणजे हजार मैल. ब्रेशिया शहरापासून रोमपर्यंत आणि रोमहून परत ब्रेशियापर्यंत सुमारें १६०० किलोमीटरांची ही शर्यत १९२७ पासून चालत आली होती. तिच्यासाठीं निराळा धांवमार्ग नव्हता. नेहमींचे रस्ते, नेहमींची गांवें, नेहमींचे घाट हेंच तिचें मैदान होतें. गाडीवर जो क्रमांक रंगविलेला असे तो तिच्या निघण्याच्या वेळेचा असे. लहान गाड्या आदल्या रात्रींच निघत, मोठ्या पहांटेनंतर; आणि मग लहानांना गांठण्यासाठीं मोठ्यांची धांव सुरू होई. १९५५ सालीं स्टर्लिंग मॉस यानें जिंकलेल्या गाडीवर ७२२ हा आंकडा होता, कारण ती सकाळीं ७ वाजून २२ मिनिटांनीं सुटली होती.

महायुद्ध संपलें तेव्हां इटली मोडून पडली होती. नव्या शर्यतीच्या गाड्या बनविण्यास पैसा नव्हता, धातु नव्हता. अशा वेळीं जें हातीं होतें तें म्हणजे हेंच साधें, स्वस्त, खात्रीचें इंजिन. तूरिन येथील पिएरो दूझिओ या उद्योगपतीनें तें घेतलें, जिआकोजाच्याच साहाय्यानें एका नळ्यांच्या हलक्या सांगाड्यावर बसविलें, आणि 'चिझितालिया डी ४६' नांवाची एकआसनी गाडी तयार केली. दूझिओच्या मनांत एक कल्पना होती, आणि ती आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाची आहे. सर्व स्पर्धकांना एकाच घडणीच्या गाड्या द्याव्या, म्हणजे पैसा व कारखाना यांचा भेद मिटेल आणि राहील तो माणसाचा भेद, अशी ती कल्पना. १९४६ च्या सप्टेंबरांत तूरिनच्या व्हॅलेंतिनो उद्यानांत झालेल्या शर्यतींत अशा सात गाड्या उतरल्या. त्यांतली एक तात्सिओ नुवोलारी या अत्यंत प्रसिद्ध सारथ्याकडे होती. धांवतां धांवतां तिचें सुकाणूंचें चाक निखळून हातांत आलें, आणि नुवोलारी तें हातांत उंच धरून लोकांना दाखवीत पुढें गेला, ही कथा आजहि सांगितली जाते. ती शर्यत दूझिओ यानें स्वतःच जिंकली. पुढें १९४७ सालीं त्यानें आपल्या गाड्यांचा तांडा थेट कैरोपर्यंत नेऊन तेथें समान गाड्यांची शर्यत भरविली. तींत फ्रांको कोर्तेझे विजयी झाला.

त्याच वर्षीं मिल्ले मिल्या पुन्हां सुरू झाली. चौपन्न वर्षांचा, प्रकृतीनें खंगलेला नुवोलारी चिझितालियाची एक लहान उघडी गाडी घेऊन निघाला आणि जवळजवळ तीन लिटरांच्या आल्फा रोमिओच्या पुढें राहिला. अखेरच्या टप्प्यांत मुसळधार पाऊस आला, इंजिनाच्या ठिणगीच्या यंत्रांत पाणी शिरलें, गाडी थबकली, आणि बिओंदेत्ती याची मोठी आल्फा पहिली आली. तथापि दुसरी, तिसरी व चौथी या तिन्ही जागा चिझितालियांनींच घेतल्या. १९४८ सालीं बिओंदेत्तीच फेरारी घेऊन पुन्हां पहिला आला. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागीं आल्या त्या फियाट '११०० एस' या गाड्या. म्हणजे आपल्या वरातींतल्या गाडीचीच सख्खी भावंडें. ज्या गाड्यांचे धनी त्यांच्याहून कितीतरी पट श्रीमंत होते, अशा अनेक गाड्या मागें राहिल्या. कोणी मोडल्या, कोणी घसरल्या, कोणी तापून बंद पडल्या.

येथें पहिला प्रश्न उपस्थित होतो. लहान गाड्यांचा वर्ग निराळा करून त्यांत जो पहिला येईल त्याला पारितोषिक देणें, हा केवळ दुबळ्याच्या समाधानाचा उपाय नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्याकडे जत्रेंतल्या कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हां पंच मंडळी प्रथम जोडी ठरवितात. वय, अंगलट, तालमीचीं वर्षें हीं पाहून जोड लावावी लागते. विजोड कुस्ती लावली तर प्रेक्षकच ओरडा करतात. कारण एका क्षणांत चीत झालेल्या पोरावरून मल्लाची परीक्षा होत नसते, हें त्यांना कळतें. जोड लावणें ही दुबळ्यावरची कृपा नव्हे. ती परीक्षेचीच पूर्वतयारी होय. तराजूवर सोनें व कडबा एकाच वजनांनीं कोणी तोलीत नाहीं, आणि म्हणून सोनाराचा कांटा खोटा ठरत नाहीं.

दूझिओची कल्पना याच्याहि एक पाऊल पुढें जाते. वर्ग पाडल्यानें गाड्यांतला भेद कमी होतो, पण नाहींसा होत नाहीं. समान गाड्या दिल्यानें तो नाहींसाच होतो, असें तिचें म्हणणें. पुढें जगांत या कल्पनेचा मोठा विस्तार झाला. जपानच्या माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं 'एमएक्स-५' नांवाची एक साधी, दोन आसनांची, माफक किंमतीची गाडी काढली. तिच्याच घडणीच्या गाड्यांनीं परस्परांशीं झुंजावें, असे स्वतंत्र वर्ग अमेरिकेंत व इतरत्र निघाले. आपल्या देशांत कोइंबतूरचे करिवर्धन यांनीं १९८८ सालीं मारुति ८०० चें इंजिन एका एकआसनी सांगाड्यावर बसवून 'फॉर्म्युला मारुति' सुरू केली. त्याच शाळेंत धडे घेतलेला नारायण कार्तिकेयन २००५ सालीं फॉर्म्युला वन शर्यतींत उतरणारा पहिला भारतीय झाला. पुण्याजवळच्या चाकण येथें फोक्सवागेनचा कारखाना निघाल्यावर २०१० पासून 'पोलो' या गाडीचीहि अशीच एकाच घडणीच्या गाड्यांची शर्यत भरूं लागली. त्याआधीं मद्रासनजीकच्या शोलावरम येथें, महायुद्धांतल्या जुन्या विमानपट्टीवर, आपल्या ओळखीच्या फियाट व त्यांच्या समकालीन गाड्या वर्षानुवर्षें धांवत आल्या होत्या. सारांश, स्वस्त गाडीनें शर्यतीचें दार थोडें रुंद केलें, हें निर्विवाद आहे.

परंतु समानता करावयाची ती कोठपर्यंत? अमेरिकेंतील या माझ्दांच्या वर्गांत एक नियम आहे. गाडीचें किमान वजन ठरविलेलें असतें, आणि तें सारथ्यासह मोजलें जातें. सारथी अंगानें हलका असेल व एकूण वजन कमी भरेल, तर गाडींत शिशाचें वजन बसवून तूट भरून काढावी लागते. नियम न्याय्य आहे, असें ऐकतांक्षणींच वाटतें. सडपातळ बांधा हा कांहीं पराक्रम नव्हे; त्याचा लाभ कां मिळावा? पण हाच न्याय पुढें चालवूं लागलें म्हणजे मोठी अडचण येते. तीक्ष्ण दृष्टि हाहि पराक्रम नव्हे. हात लवकर वळणें, भीति कमी वाटणें, रात्रभर जागून डोकें ताळ्यावर राहणें हे गुण पुष्कळ अंशीं जन्मानेंच मिळतात. बापानें लहानपणीं गाडी चालवावयास शिकविलें, हा तर केवळ घराचा योग. मग यांच्यासाठींहि शिसें कां बांधूं नये? आणि सर्वांना सर्व प्रकारचें शिसें बांधल्यावर शर्यतीचा निकाल नाणें उडवून लावला तरी काय बिघडलें?

दैव थोर कीं पुरुषकार थोर, हा वाद आपल्या पूर्वजांनीं महाभारतापासून घातलेला आहे, आणि तो मोटारीच्या युगांतहि संपलेला नाहीं. आमच्या मतें या कोड्याची उकल अशी आहे: स्पर्धा ही सर्व भेद मिटविण्याची युक्ति नसून, एक भेद सोडून बाकीचे मिटविण्याची युक्ति आहे. जो भेद आपणांस पाहावयाचा आहे, तो राखून ठेवावयाचा. जे त्याच्या आड येतात, ते दूर करावयाचे. सारथ्याचें कौशल्य पाहावयाचें असेल, तर पैसा, इंजिन व शरीराचें वजन यांचे भेद आड येतात म्हणून ते काढावे. तें कौशल्य त्याला जन्मानें मिळालें कीं कष्टानें, हा निवाडा तेथें होत नाहीं. तो काटा त्यासाठीं केलेलाच नाहीं. यावरून विजेत्याच्या मानासंबंधीं एक मर्यादा आपोआप ठरते. 'या दिवशीं, या नियमांखालीं, मी अधिक चांगली गाडी चालविली,' एवढेंच त्यानें म्हणावें. 'म्हणून मी अधिक योग्य माणूस आहें,' हें त्या काट्यावर कधीं तोललेंच गेलेलें नसतें.

यावर कोणी विद्वान् असा आक्षेप घेईल कीं, समान गाड्यांची ही हौस मुळांतच चुकीची आहे. अॅरिस्टॉटल यानें आपल्या राज्यशास्त्रांत म्हटलें आहे कीं, उत्तम बासऱ्या वांटावयाच्या झाल्या तर त्या कुलीनांना किंवा देखण्यांना न देतां उत्तम वाजविणाऱ्यांना द्याव्या. त्याच न्यायानें उत्तम गाडी उत्तम सारथ्याला मिळावी. सर्वांना मध्यम गाडी देऊन कोणाचें हित साधतें? शिवाय यंत्रायंत्रांत चढाओढ नसती, तर जिआकोजासारख्यांच्या बुद्धीला धार कशी आली असती? हा आक्षेप वजनदार आहे. पण त्यांतील पहिल्या भागाचें उत्तर त्यांतच आहे. उत्तम वाजविणारा कोण हें ठरवावयाचें कसें? प्रथम सर्वांच्या हातीं सारखी बासरी देऊनच ना? कर्ण रंगभूमीवर उतरला तेव्हां त्याला कुळ विचारण्यांत आलें. धनुष्य सर्वांपाशीं होतें, पण हात दाखविण्याचा अधिकारच त्याला नाकारला जात होता. समान साधनांची शर्यत ही त्या रंगभूमीवरचा द्वारपाल बदलते. ती निवड करते. निवड झाल्यावर उत्तम रथ उत्तम सारथ्याला खुशाल द्यावा.

आक्षेपाच्या दुसऱ्या भागांत अधिक तथ्य आहे, आणि त्याचा दाखला आपल्याच गाडीनें दिला आहे. परवान्यांच्या त्या काळांत आपल्या देशांत मोजक्या दोनतीन गाड्यांपलीकडे निवडच नव्हती. पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी, मग कधींतरी गाडी घरीं यावी. ग्राहक बांधलेला असल्यामुळें कारखान्याला सुधारणेची घाई नव्हती. १९६४ मधली गाडी थोड्याफार फेरफारांनीं शतक संपेपर्यंत चालत राहिली. १९३७ सालच्या इंजिनाचा आंकडा तिच्या उदरांत शेवटपर्यंत तसाच होता. सर्वांना एकच गाडी, हें दृश्य वरून समतेसारखें दिसत होतें. परंतु ती समता स्पर्धकांतली नव्हती, रांगेंतली होती. तेव्हां साधनें समान करावयाचीं तीं माणसें पारखण्यासाठीं; साधनांनाच पारखावयाचें असेल तेथें तीं मोकळीं सोडलीं पाहिजेत. दोन्ही प्रकारच्या शर्यती प्रामाणिक आहेत. अप्रामाणिकपणा शिरतो तो त्यांची सरमिसळ केल्यानें: यंत्राच्या जोरावर जिंकावें आणि मान मात्र हाताचा घ्यावा, तेव्हां.

ही सरमिसळ किती जुनी आहे, हें कद्रू आणि विनता यांच्या पणावरून दिसतें. उच्चैःश्रव्याची शेपटी काळी कीं पांढरी, असा तो पण. घोडा तर संपूर्ण शुभ्र. तेव्हां कद्रूनें आपल्या सर्पपुत्रांना शेपटीला वेढून बसावयास सांगितलें आणि पण जिंकला. नियमाच्या अक्षराप्रमाणें शेपटी काळी दिसत होती. आणि विनता दासी झाली. समान गाड्यांच्या शर्यतींतहि इंजिनांवर मोहरा लावाव्या लागतात, सुटे भाग मोजून पाहावे लागतात, कारण शेपटीला वेढे घालणारे सर्प आजहि आहेत. बाजारांतल्या काट्यावर सरकारी शिक्का असतो त्याचेंहि कारण हेंच. परंतु शिक्का हा प्रामाणिकपणाच्या जागीं येऊं शकत नाहीं. तो फक्त अप्रामाणिकपणाला महाग करतो.

आतां या साऱ्या विवेचनाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती न सांगतां थांबणें हेंच एक प्रकारचें खोटें माप होईल. मिल्ले मिल्याचा इतिहास केवळ पराक्रमाचा नाहीं. १९३८ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं आपली लहान फियाट आपल्या वर्गांत पहिली आली त्याच वर्षीं, बोलोन्या शहरांत एक गाडी रस्ता सोडून प्रेक्षकांत घुसली. दहा माणसें मेलीं, आणि त्यांत सात मुलें होतीं. ती गाडी कांहीं राक्षसी वेगाची नव्हती. लान्चिया कंपनीची आप्रीलिया, घरगुती वापराचीच गाडी ती. १९५७ सालच्या मे महिन्यांत ग्विदित्सोलो गांवाजवळ द पोर्तागो याच्या फेरारीचें चाक फुटलें; तो, त्याचा सोबती आणि नऊ प्रेक्षक मेले; त्या नवांतहि पांच मुलें होतीं. त्यानंतर ही शर्यत त्या स्वरूपांत पुन्हां झाली नाहीं. स्वस्त गाड्यांनीं शर्यतीचें दार रुंद केलें असें आम्हीं वर म्हटलें. त्याच दारांतून १९५५ मध्यें पांचशेंच्या वर गाड्या एका रात्रींत सामान्य रस्त्यांवर सुटल्या होत्या, हेंहि खरें आहे.

स्पर्धकांतला न्याय कितीहि काटेकोर असला, तरी तो वर्तुळाच्या आंतला न्याय असतो. वर्तुळाबाहेर जो उभा आहे, ज्यानें ना करार केला ना मोहर तपासली, त्याच्याविषयींचें कर्तव्य त्यानें फिटत नाहीं. आपल्याकडील बैलगाड्यांच्या शर्यतींचा वाद याच जातीचा होता. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या. पुढें राज्यानें नवा कायदा केला आणि २०२३ च्या मे महिन्यांत न्यायालयानें तो, त्यांतल्या अटींसह, ग्राह्य ठरविला. निकालाबद्दल कोणाचें कांहींहि मत असो. पण प्रश्न जो विचारला गेला तो योग्यच होता. दोन गाडीवानांत बरोबरी आहे कीं नाहीं, हें न विचारतां, ज्या मुक्या जिवाला हार ना जीत, त्याचें काय, असें विचारण्यांत आलें. शर्यतीच्या कडेला उभीं असलेलीं बोलोन्याचीं मुलें हाच प्रश्न विचारतात.

शिक्षकाच्या धंद्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना या विषयांत एक गोष्ट सर्वांत अधिक टोंचते. आपल्या देशांत सर्वांत मोठी शर्यत कोणती असेल, तर ती परीक्षेची. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, एकच घंटा; उत्तरपत्रिकेवर नांवहि नसतें, फक्त क्रमांक असतो. या समतेचा आपण अभिमान बाळगतों, आणि तो अगदींच अस्थानीं नाहीं. पण थोडा विचार केला म्हणजे ध्यानांत येतें कीं, येथें समान असतो तो रस्ता. गाडी समान नसते. दुधनीहून पहांटेच्या गाडीनें सोलापूर गांठणारा, घरीं कानडी बोलणारा, शाळेंत मराठी शिकलेला आणि महाविद्यालयांत इंग्रजी पुस्तकांशीं झगडणारा मुलगा. आणि शहरांत घरींच शिकवणी लाभलेला, बापाच्या कपाटांत तींच पुस्तकें पाहत वाढलेला मुलगा. हे दोघे एकाच रस्त्यावर एकाच वेळीं सोडले जातात. एक १०८९ घनसेंटिमीटरांवर धांवतो, दुसरा तीन लिटरांवर. आणि निकाल लागल्यावर आपण गुण वाचून म्हणतों, हा हुशार आणि तो मंद.

मोटारीच्या शर्यतींत आपण असा अविचार कधीं करीत नाहीं. तेथें १९४८ सालची दुसरी जागा पाहतांच आपण विचारतों, गाडी कोणती होती? आणि उत्तर ऐकून आपल्या मनांत आदर उत्पन्न होतो. मुलाच्या बाबतींत हाच प्रश्न विचारावयास आपण विसरतों. आमचें म्हणणें परीक्षा नकोत असें नाहीं. कोणीं इंजिनें पारखल्यावांचून विमानांत बसूं नये, आणि विद्या पारखल्यावांचून वैद्याच्या हातीं शस्त्र देऊं नये. विमानांत बसणाऱ्याला, शस्त्र लागणाऱ्याला, चालकाची गाडी लहान होती ही सबब उपयोगी पडत नाहीं; तोहि वर्तुळाबाहेर उभा असलेला एक प्रेक्षकच आहे. म्हणून ज्या जागीं नेमकें ज्ञानच पाहिजे, तेथें ज्ञानच मोजावें व निष्ठुरपणें मोजावें. पण जेथें माणसाची कुवत पाहावयाची आहे, पुढें तो किती वाढेल याचा अंदाज घ्यावयाचा आहे, शिष्यवृत्ति किंवा प्रवेश द्यावयाचा आहे, तेथें गाडी कोणती होती हें न विचारतां निकाल लावणें म्हणजे बिनशिक्क्याच्या काट्यावर तूर तोलणें होय.

आणि विचारून तरी काय करावें? आमच्या मतें दोन गोष्टी कराव्या. एक, शर्यतीपूर्वीं साधनें समान करण्याचा यत्न करावा. गांवच्या शाळेला शिक्षक, ग्रंथालय आणि मुलाच्या स्वतःच्या भाषेंत लिहिलेलें चांगलें पुस्तक मिळेल, असें पाहावें. हा मार्ग खर्चाचा व धीमा आहे, परंतु त्यानें कोणाच्याहि गाडींत शिसें बांधावें लागत नाहीं. दुसरी, जेथें साधनें समान करतां येत नाहींत, तेथें जोड लावावी, वर्ग पाडावे, आणि लहान गाडी हांकणाऱ्याला त्याच्या वर्गांतला मान बिनदिक्कत द्यावा. या दुसऱ्या मार्गावर आपल्या समाजांत पुष्कळ कलह झाला आहे व होत आहे, हें आम्ही जाणतों. कलह करणाऱ्यांस एवढेंच विचारावेंसें वाटतें: कुस्तीच्या फडांत जी गोष्ट तुम्हांस इतकी सहज पटते, ती वर्गाच्या दारापाशीं येतांच अन्यायाची कां वाटूं लागते? मोठ्या गाडीच्या धन्याला आपल्या गाडीचा आवाज ऐकूं येत नाहीं, हें तर त्याचें कारण नसेल ना?

दूझिओच्या आयुष्याचा शेवट या संदर्भांत मनन करण्यासारखा आहे. लहान, समान, स्वस्त गाड्यांच्या कल्पनेवर त्याचें नांव झालें. पण तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. सर्वांहून श्रेष्ठ, सर्वांहून महाग अशी एक गाडी करण्याच्या नादीं तो लागला. जर्मनींतल्या पोर्शे मंडळींकडून तिचे आराखडे करविले. त्या खर्चाखालीं कारखाना बसला आणि तो स्वतः अर्जेंटिनांत निघून गेला. ती महागडी गाडी युरोपांतल्या एकाहि मोठ्या शर्यतींत धांवली नाहीं. तिच्या मानानें य:कश्चित् असलेलें तें १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन मात्र सात समुद्र ओलांडून कुर्ल्यास आलें, आणि लाखो प्रवाशांना घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर धांवत राहिलें. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निघाली. तिला कोणी हार घातले, कोणी छायाचित्रें काढलीं. ती कोणत्या शर्यतींत कितवी आली होती, हें तेव्हां कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारण्याचें कारणहि नव्हतें. रोज पहांटे उठून गाडी पुसून काढणारा तिचा चालक कोणत्याहि काट्यावर कधीं चढला नव्हता. तरी त्याच्या कामाचें मोल कमी होतें, असें म्हणण्याचा अधिकार कोणत्याहि विजेत्याला नाहीं.

शर्यती अवश्य असाव्या. माणसाला आपली सीमा कळण्याचें दुसरें सोपें साधन नाहीं. परंतु शर्यत भरविणाऱ्यानें आधीं काटा तपासावा, कडेला उभें असलेल्यांना सुरक्षित ठेवावें आणि निकाल सांगतांना गाडीहि सांगावी. जिंकणाऱ्यानें तोललें गेलें तेवढेंच आपलें म्हणावें. आणि जो हरला, त्यानें घरीं जाऊन आपल्या मनाशीं प्रामाणिकपणें विचारावें कीं, माझा हात कमी पडला कीं माझी गाडी? हात कमी पडला असेल तर सराव वाढवावा. गाडी कमी पडली असेल तर लाज बाळगूं नये. या दोन उत्तरांतला भेद मुलाला समजावून देणें, हें आमच्या समजुतीप्रमाणें बापाचें आणि शिक्षकाचें पहिलें काम होय.